पॉइंट टू टू पिस्तुलावर रेड डॉट : क्लबच्या मॅचमध्ये वेगळा गट हवा की नको?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझं वय ५२. कोल्हापुरातल्या एका क्लबात चार वर्षं झाली, क्लबच्याच पॉइंट टू टू (.२२ इंची) पिस्तुलावर २५ मीटरला सराव करतो. दीड वर्षापूर्वीपर्यंत फ्रंट साइटची (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीची) कड ब्लेडनं कापल्यासारखी दिसायची. आता ती लोकरीच्या धाग्यासारखी दिसते. साइट स्पष्ट करायला गेलो तर डोळ्यांत पाणी येतं, आणि सोडून दिली तर टार्गेट छान दिसतं पण पिस्तूल कुठं बघतंय ते कळत नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या गावच्या क्लबात पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथल्या पिस्तुलावर रेड डॉट बसवलेला होता. मागची खाच (नॉच) नाही, पुढची खुंटी (पोस्ट) नाही, समोर काचेत एक लाल ठिपका. नजर टार्गेटवर ठेवायची, ठिपका तिथं आला की ट्रिगर दाबत राहायचं. ३० गोळ्या मारल्या आणि कित्येक महिन्यांनी सगळ्या टार्गेटच्या काळ्या गोलात बसल्या. रेंजवरून बाहेर आलो तेव्हा घसा दाटून आला होता, खोटं कशाला सांगू.

परत आल्यावर आमच्या क्लबात प्रस्ताव ठेवला. महिन्याच्या मॅचमध्ये ४५ वर्षांवरच्यांसाठी ऑप्टिकचा, म्हणजे रेड डॉटसारख्या काचेच्या साइटचा, वेगळा गट करा, स्कोअरशीट वेगळं, बक्षीस नको. उत्तर मिळालं, "तो खरा स्कोअर नव्हे." हे वाक्य मला फार लागलं. माझ्या मते गट हवाच. तुमचं मत कारणांसकट सांगा.

दुधाळी_लेन४

काका, आदर ठेवून विरोध करतो.

आपल्याकडं २५ मीटर पिस्तूल खेळतात ते आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनी. पॉइंट टू टू लाँग रायफल काडतूस, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम, आणि साइट फक्त ओपन, म्हणजे काचेविना नुसती खाच नि खुंटी. ऑप्टिकल साइट चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत २०१८ ला एशियाडमध्ये सुवर्ण जिंकल्या तेव्हा शूट-ऑफ दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा हातात ओपन साइटचंच पिस्तूल. या गावानं नेमबाजी शिकली ती अशी.

पण परंपरा बाजूला ठेवू, हिशेब बघा. रिअर आणि फ्रंट साइटमध्ये साधारण २२० मिलिमीटर अंतर धरा. फ्रंट साइट नॉचमध्ये एक मिलिमीटर बाजूला सरकली तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. प्रिसिजन (सावकाश मारायच्या फेरीच्या) टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत २५ नं मोठं. म्हणजे नेम टार्गेटच्या मधोमध असूनही गोळी सहात. उलट साइट नीट जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच एक सेंटिमीटर खाली आला, तर गोळी एक सेंटिमीटरच खाली जाते, म्हणजे दहाच. मनगट न मोडता साइट जुळवून ठेवणं हा या खेळाचा गाभा आहे. रेड डॉट नेमकं तेच काम नेमबाजाच्या हातून काढून घेतो. म्हणून दोन्ही स्कोअर एका भिंतीवर लावू नयेत असं मला वाटतं.

पंचगंगाकाठ

एका भिंतीवर लावा असं मी म्हटलेलंच नाही. वेगळं शीट म्हटलंय.

तुमचा हिशेब बरोबर आहे, मी कागदावर करून बघितला. पण तो मला माझ्याच बाजूचा वाटतो. एक मिलिमीटरची चूक डोळ्यांना दिसली तर माणूस दुरुस्त करील ना? मला ती दिसतच नाही. दहा वर्षांपूर्वी शिकायला आलो असतो तर तुमचं म्हणणं मुकाट ऐकलं असतं.

आणि आयएसएसएफ म्हणजे सगळी नेमबाजी नव्हे. अमेरिकेत एनआरए या नेमबाजी संघटनेच्या बुल्सआय मॅचमध्ये एका हातानं, पॉइंट टू टूनं, २५ आणि ५० यार्डांवर मारतात आणि तिथं डॉट चालतो. त्यांची नेमबाजी खोटी असं कुणी म्हणत नाही.

राधानगरीरोड_आई

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, आत्ता एअर पिस्तूल मारते, पुढं पॉइंट टू टूला जाईल. मी रेंजच्या मागच्या बाकावर बसणारी बाई, तांत्रिक कळत नाही. पण स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून आमच्या भागातली किती पोरं रेंजवर यायला लागली ते मी रोज बघते. वाट बघायला लागते, लेन मिळत नाही. कांबळवाडीचा पोरगा ऑलिंपिकला पदक घेतो म्हटल्यावर पोरांना वाटणारच.

माझी भीती एवढीच की मोठ्यांच्या पिस्तुलावर लाल ठिपका दिसला की या पोरांना तोच हवा होणार. त्यातून स्कोअर लवकर वाढेल, आईबाप खूश होतील, आणि जिल्हा स्पर्धेला ओपन साइट हातात आली की पोर रडत घरी येईल. काकांचं दुःख मला कळतंय, माझ्या वडिलांचं वाचन असंच सुटलं. तरी गट केलाच तर मुलांच्या सरावाच्या वेळेत नको.

भिंग_आणि_चष्मा (मिरज)

व्यवसायानं चष्म्याचं काम करतो, त्यामुळं थोडं लांबण लागेल.

पंचगंगाकाठ साहेब, तुम्ही रेंजवर कुठला चष्मा घालता? वाचायचा, लांबचा, की प्रोग्रेसिव्ह? माझा अंदाज प्रोग्रेसिव्ह. तो नेमबाजीला सगळ्यात वाईट, कारण पिस्तूल धरताना मान वळते, नजर काचेच्या कोपऱ्यातून जाते, आणि तिथं नंबर भलताच असतो. मान दोन अंश हलली की दुसरा नंबर.

फ्रंट साइट डोळ्यांपासून साधारण एक मीटरवर असते. ती स्पष्ट दिसायला लांबच्या नंबरात एक डायॉप्टरची (चष्म्याच्या एक नंबराची) भर लागते. २५ मीटरवरच्या टार्गेटला जवळपास काहीच भर लागत नाही. दोन्ही सांभाळायचं तर मध्य काढायचा, म्हणजे लांबच्या नंबरावर अर्धा ते पाऊण अधिक. एकाच नंबराची साधी काच, आणि ती नेम धरतानाच्या मानेच्या स्थितीत डोळ्यांसमोर सरळ येईल अशी बसवलेली. यानं साइट धारदार होते आणि टार्गेट थोडं धुरकट राहतं. धुरकट टार्गेटनं काही बिघडत नाही, काळा गोल दिसला म्हणजे पुरे. त्यावर आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र, लावलं तर जवळचं-लांबचं एकदम स्पष्ट दिसण्याची खोली आणखी वाढते. उजेड कमी असेल तर मात्र छिद्र फार बारीक करू नका, पावसाळ्यात सगळंच काळं होईल.

हे सगळं आयएसएसएफच्या नियमांत बसतं. भिंग पिस्तुलाला जोडायला बंदी आहे, नेमबाजाच्या डोळ्यावर चालतं. तेव्हा ज्या दुखण्यावर तुम्ही रेड डॉट मागताय, त्याचं औषध आधी चष्म्यात शोधा.

आणि एक. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना ठिपका गोल दिसत नाही. कुणाला स्वल्पविराम दिसतो, कुणाला फुटलेली चांदणी. अशा माणसानं चष्म्याविना डॉट वापरला तर दहाच्या जागी कुठं बघायचं तेच कळत नाही. डॉट सगळ्याच डोळ्यांना सोयीचा असतो हा समज आहे.

कसबा_बावडा_१०

मी दोन्ही वापरलंय, आणि लेन४ दादांशी माझं जमत नाही.

डॉट नेमबाजाचं काम काढून घेतो म्हणता, पण ट्रिगर दाबायला तो शिकवतो. ओपन साइटवर नजर फ्रंट साइटवर असते, त्यामुळं मनगटाला बसलेला झटका नवशिक्याला दिसतच नाही. गोळी खाली डावीकडं गेली, का गेली कळत नाही, तो साइटचे क्लिक फिरवत बसतो. डॉट लावून रिकाम्या पिस्तुलावर ड्राय प्रॅक्टिस करा. ट्रिगर ओढताक्षणी ठिपका टुणकन खाली उडी मारतो. कुणी सांगायची गरज नाही, पोराला स्वतःला दिसतं.

ठिपका किती मोठा असावा याबद्दल दुकानदार काहीही सांगतात, तेव्हा हिशेब लिहून ठेवा. एक एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे २५ मीटरवर सव्वासात मिलिमीटर. तीन एमओएचा ठिपका तिथं २२ मिलिमीटर झाकतो, म्हणजे दहाच्या अर्ध्यापेक्षा कमी. सहा एमओएचा ४४, जवळपास अख्खं दहा. प्रिसिजनला तीनचा घ्या आणि ब्राइटनेस एवढा कमी ठेवा की ठिपका जेमतेम दिसेल. झगझगीत ठेवला की तो फुगतो.

दुधाळी_लेन४

ड्राय प्रॅक्टिसमध्ये झटका दिसतो, कबूल. हे मला माहीत नव्हतं, करून बघेन.

पण मॅचमध्ये उलटं होतं बघा. काचेत हाताची सगळी थरथर दिसते. नवशिका म्हणतो, ठिपका दहावर आला रे आला की मारू. तो क्षण पकडायला जातो आणि ट्रिगर हिसकतो. ओपन साइटवरही थरथर तेवढीच असते, पण टार्गेट धुरकट असल्यानं ती अंगावर येत नाही आणि माणूस शांतपणे दाबत राहतो.

रॅपिडला (वेगाच्या फेरीला) तर आणखी त्रास. टार्गेट ३ सेकंद समोर, ७ सेकंद बाजूला. हात ४५ अंशांवरून वर येतो. ओपन साइट वर येतानाच दिसायला लागते, थोडी वाकडी असली तरी कुठल्या बाजूला वाकडी ते कळतं. डॉटच्या काचेत मनगट जरा चुकलं की ठिपकाच नाही, रिकामी काच. मग शोधा. ३ सेकंद गेले. मनगट पक्कं झालेल्या माणसाला डॉट सोपा पडतो, आणि मनगट पक्कं होतं ते ओपन साइटवर. मी पुन्हा तिथंच येतो.

उद्यमनगर_लेथ

वादात पडत नाही, कामाचं सांगतो. क्लबची जुनी पिस्तुलं असतील तर त्यावर रेल (डॉट बसवायची पट्टी) नसतंय. मग लोक आमच्याकडं येत्यात, "भावा, दोन भोकं पाडून दे." आम्ही पाडत नाही. हत्याराच्या दुरुस्तीला नि बदलाला आर्म्स ॲक्टखाली परवाना लागतोय. आपल्या उद्यमनगरात मायक्रॉनमध्ये काम करणारी लई माणसं हायत, पण हत्याराला हात लावायचा तो परवाना असलेल्या गनस्मिथनंच. गट करायचा असंल तर आधी हे बघा, नाहीतर क्लबच अडचणीत यायचा. रेल कारखान्यातनंच बसवून आलेलं पिस्तूल असंल तर प्रश्न नाही.

बालेवाडी_परत

सगळे साइटवर भांडताय, काडतुसाचं कुणीच बोललं नाही. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, ते परत भरता येत नाही, कारखान्यातून जसं आलं तसंच वापरायचं. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये ग्रुपिंगला (गोळ्या किती जवळजवळ बसतात त्याला) फरक पडतो. काका, त्या पाहुण्या क्लबातली गोळी कुठली होती? पिस्तूल वेगळं, ट्रिगर वेगळा, ग्रिप वेगळी, गोळी वेगळी. सगळं श्रेय ठिपक्याला कसं देता? तेच पिस्तूल, तीच गोळी, एकदा डॉट लावून आणि एकदा काढून मारा, मग बोलू.

पंचगंगाकाठ

बालेवाडी_परत, बरोबर पकडलंत. गोळी कुठली ते मी विचारलंच नव्हतं. ग्रिपही माझ्या हाताला चांगली बसली होती हे आता आठवतंय. तशी तुलना केल्याशिवाय "डॉटमुळंच" असं पुन्हा म्हणणार नाही.

मिरजकर साहेब, प्रोग्रेसिव्हच आहे. परवा एका ओळखीच्या दुकानात लांबच्या नंबरावर अर्धा वाढवून चाचणीची फ्रेम घातली, भिंतीवर काळा कागद लावला, हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडं पाहिलं. नखाची कड दिसली. किती दिवसांनी! तशी काच करायला टाकली आहे, आठ दिवसांत मिळेल.

तरीही गटाची मागणी मी सोडत नाही. माझं काम काचेवर भागेल, पण आमच्या क्लबात ६८ वर्षांचे एक सद्गृहस्थ आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. चष्मा बदलून झाला, आयरिस लावून झालं, उपयोग नाही. आयुष्यभर रेंजवर आलेला माणूस. आता येतात, लेनच्या मागं उभं राहतात, चहा पितात आणि घरी जातात. लेन४, त्यांना तुम्ही काय सांगाल?

दुधाळी_लेन४

त्यांना मी ओळखतो बहुतेक. माझ्या पहिल्या काडतुसाची रिकामी केस त्यांनीच उचलून माझ्या हातात दिली होती, "ठेव जपून" म्हणून.

त्यांच्यासाठी डॉट लावा. माझा विरोध नाही. पण मग गट वयावर ठेवू नका. ४५ म्हटलं की नजर चांगली असलेला माणूसही सोयीसाठी तिकडं जाणार, आणि शिकायचं राहून जाणार. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद मागा. ताईंनी म्हटलं तसं मुलांची वेळ सोडून. शीटवर वर मोठ्या अक्षरात "ऑप्टिक" लिहा. एवढं असेल तर कमिटीपुढं मी तुमच्या बाजूला बसतो.

पंचगंगाकाठ

डॉक्टरांच्या कागदाला माझा विरोध आहे. म्हातारा झालो हे सिद्ध करून मग खेळायचं, हे कुणालाही आवडणार नाही. वयच ठेवा, हवं तर ४५ चं ६० करा.

कसबा_बावडा_१०

६० ला माझा पाठिंबा.

दुधाळी_लेन४

६० असेल तर विचार करतो. आधी रविवारी नवीन काच घेऊन या. पहिली डिटेल (नेमबाजांची पाळी) आठला आहे, माझ्या शेजारची लेन धरून ठेवतो. क्लबच्या एकाच लॉटची ६० काडतुसं घेऊ. तुम्ही जुन्या चष्म्यानं ३० आणि नव्यानं ३० मारा, टार्गेट मी बदलतो.