स्विच २, पीएस५ की एक्सबॉक्स : या फेरीत कोण खपणार?

रात्रपाळी

चर्चेचा धागा मी काढलाय, तर माझं मत आधीच सांगून टाकतो. कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांच्या, या फेरीत शेवटी सगळ्यांत जास्त खपणार ते निन्टेंडो स्विच २. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आज ८ कोटींच्या पुढे आहे आणि दुसऱ्या नंबरावर राहूनही सोनी बक्कळ कमावेल. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं खोकं मात्र दुकानातल्या फळीवरून हळूहळू दिसेनासं होईल.

कारण साधं आहे. कन्सोल ताकदीवर खपत नाही. खपतो तो किमतीवर आणि त्यावर आज काय खेळता येतं यावर. पीएस२ हा त्याच्या काळातल्या निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि पहिल्या एक्सबॉक्सपेक्षा कमजोर होता, तरी १५ कोटींच्या वर गेला. निन्टेंडोचा वी (Wii) तर पीएस३ समोर अगदीच लहान चिपचा, पण २००६ साली २४९ डॉलरला आला आणि १० कोटी ओलांडून गेला. पीएस३ चं महागडं मॉडेल तेव्हा ५९९ ला होतं. त्या किमतीतून सावरायला सोनीला काही वर्षं लागली.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो मे १९९५ मधला लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनातला दिवस. सेगा या कंपनीने मंचावरून सांगितलं की त्यांचा नवा कन्सोल सॅटर्न ३९९ डॉलरला, आणि काही निवडक दुकानांत आजपासूनच मिळेल. ठरलेली तारीख सप्टेंबरची होती. गेम तयार नव्हते, बाकीच्या दुकानदारांना पत्ताच नव्हता. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, "टू नाइंटी नाइन" (म्हणजे प्लेस्टेशन २९९ डॉलरला) एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. पहिलं प्लेस्टेशन १० कोटींच्या वर गेलं, सॅटर्नला जगभरात मिळून एक कोटीही गाठता आले नाहीत.

आता स्विच २ बघा. जून २०२५ मध्ये आला, पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले, चार महिन्यांत एक कोटी पार. निन्टेंडोच्या कुठल्याच यंत्राची सुरुवात एवढी जोरदार झाली नव्हती.

दगडफूल

पूर्ण असहमत. तुमचंच माप तुम्हाला लावतो. किंमत ठरवते म्हणता ना? मग पहिला स्विच २९९ ला आला होता आणि स्विच २ जवळजवळ ४५० ला, हे कुठे गेलं? मारिओ कार्ट वर्ल्ड हा गेम एकटा ८० डॉलरला. तुमच्या हिशेबाने तर हा कन्सोल आपटायला हवा.

चार दिवसांच्या आकड्यावर भाळू नका. पहिल्या दिवशी रांगेत असतो तो भक्त, त्याला किंमत दिसत नाही. निन्टेंडोच्याच ३डीएस या हातात धरायच्या यंत्राचं उदाहरण घ्या. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २४९ ला आला, आणि ऑगस्टमध्ये किंमत १६९ वर आणावी लागली. पाच महिनेही झाले नव्हते. ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले होते त्यांची समजूत घालायला वीस जुने गेम फुकट द्यावे लागले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. तेही कशानंतर? १५ कोटी ४० लाख खपलेल्या आधीच्या डीएस नंतर.

निन्टेंडोचा इतिहास असाच आहे. यश मिळालं की पुढची पायरी खाली. एनईएस ६ कोटी १९ लाख, सुपर एनईएस ४ कोटी ९१ लाख, एन६४ ३ कोटी २९ लाख, गेमक्यूब २ कोटी १७ लाख. सलग चार पिढ्या उतरण. मग वी १० कोटींच्या वर आणि त्याच्या पाठोपाठ वी यू १ कोटी ३५ लाख! निन्टेंडो नवं काही शोधते तेव्हा जिंकते, जुनंच मोठं करून आणते तेव्हा हरते. स्विच २ मध्ये नवं काय आहे? पडदा मोठा आणि चिप वेगवान.

रात्रपाळी

उतरणीचे आकडे बरोबर आहेत, पण कारणं एक नाहीत. एन६४ हरला तो गेमसाठी सीडीऐवजी कार्ट्रिज (चिपची छोटी डबी) वापरल्यामुळे. सीडीत कितीतरी जास्त मावत होतं आणि ती छापायला स्वस्त होती, म्हणून गेम बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीने फायनल फँटसी ७ उचलून प्लेस्टेशनवर नेला. वी यू हरला कारण कित्येकांना तो वीचा जोडभाग वाटला, नवा कन्सोल आहे हेच कळलं नाही. आणि ३डीएस? किंमत उतरली, वर्षअखेर मारिओ ३डी लँड आणि मारिओ कार्ट ७ आले, आणि शेवटी तो साडेसात कोटींच्या वर गेला. म्हणजे किंमत आणि गेम, हेच मी म्हणतोय.

स्विच २ वर स्विचचे बहुतेक सगळे जुने गेम चालतात. एन६४ ला ही सोय नव्हती, गेमक्यूबला नव्हती. १५ कोटींहून जास्त स्विच जगात आहेत. त्या लोकांना आपला जुना साठा टाकून द्यावा लागत नाही.

पाऊलवाट

या शेवटच्या मुद्द्यावर घरातलं सांगते. आमच्याकडे दोन मुलं, एक स्विच. थोरलीने स्विच २ घेतला तेव्हा जुना धाकट्याकडे गेला. पहिल्याच संध्याकाळी दोघं जमिनीवर बसून कार्ट्रिजांची डबी मध्ये ठेवून वाटणी करत होते. तिने तिची नखाएवढी कार्ट्रिज नव्या यंत्रात घातली, गेम सुरू झाला, आणि पुढच्या मिनिटाला तीच काढून त्याला दिली. त्याच्या जुन्या यंत्रातही चालली. मला त्या क्षणी कळलं की आम्ही दुसरा कन्सोल विकत घेतला असं घरात कोणालाच वाटत नाहीये, आहे तोच वाढवल्यासारखं झालंय.

शिवाय डबा उघडला की दोन कंट्रोलर निघतात. दोन्ही बाजूंचे काढले की दोघांच्या हातात एकेक. बाकी दोन्ही कंपन्या खोक्यात एकच देतात, दुसरा वेगळा घ्यावा लागतो. चिपच्या चर्चेत हे कोणी लिहीत नाही, पण लहान मुलं असलेल्या घरात निर्णय इथे होतो.

दगडफूल

पाऊलवाट, तुमचा अनुभव मान्य. पण हाच साठ्याचा मुद्दा सोनीच्या बाजूने जास्त जोरात लागू होतो, आणि धागाकर्ते तो सोयीने निन्टेंडोला देतायत.

२०१३ आठवा. एक्सबॉक्स वन ४९९ ला जाहीर झाला, किनेक्ट कॅमेरा गळ्यात बांधलेला, २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची अट, वापरलेली डिस्क विकण्या-देण्यावर बंधनं. पीएस४ १०० डॉलरने स्वस्त आणि यातलं काहीच नाही. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच अटी मागे घेतल्या, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. पीएस४ ११ कोटी ७० लाखांपर्यंत गेला. आणि नेमकी हीच ती पिढी ज्यात लोक डिस्क सोडून डिजिटल गेम घ्यायला लागले. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी स्वतः २०२३ मध्ये कबूल केलं की हरायला यापेक्षा वाईट पिढी नव्हती, कारण लोकांनी आपला डिजिटल साठा त्याच वेळी उभा केला.

माझ्या खात्यात १४० गेम आहेत. ते पीएस५ वर चालतात. पीएस६ वरही चालतील या भरवशावर मी तोच घेणार, बाकी कोणी चंद्र आणून दिला तरी.

उगवती

एक्सबॉक्सला इथे कोणीच नाही म्हणून मी बोलतो. साठा जपण्याचं काम जर कोणी मनापासून केलं असेल तर ते एक्सबॉक्सने. परवा कपाटातून २००७ ची मास इफेक्ट या गेमची डिस्क काढली. कडेला ओरखडे, वेष्टन पिवळं पडलेलं. आताच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये घातली, त्याने डिस्क ओळखली, गेम नेटवरून उतरवून घेतला आणि जुन्या एक्सबॉक्स ३६० पेक्षा नितळ चालला. पीएस५ मध्ये पीएस३ ची डिस्क घालून बघा, काहीच होणार नाही.

दुसरं, 'यश' म्हणजे खोकी मोजणं हे गृहीतच मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जवळजवळ ६९ अब्ज डॉलर देऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली. तिचा गेम कॉल ऑफ ड्यूटी पीएस५ वर खपला तरी पैसा त्यांच्याकडे येतो. त्यांचाच माइनक्राफ्ट सगळीकडे आहे. त्यांचा फोर्झा होरायझन ५ पीएस५ वर आला. सेगाने २००१ मध्ये ड्रीमकास्ट हा कन्सोल बंद केला, खोकी बनवणं सोडलं आणि त्यांचा सोनिक हा गेम आजही जिवंत आहे.

रात्रपाळी

उगवती, जुन्या डिस्कचं काम एक्सबॉक्सवाल्यांनी फार प्रेमाने केलंय, याबद्दल दुमत नाही. पण प्रश्न कन्सोल खपण्याचा आहे. एक्सबॉक्सची ओळख असलेला हॅलो (Halo) हा गेम पीएस५ वर येणार असं जाहीर झालं, तेव्हा नव्या माणसाने एक्सबॉक्स का घ्यावा याचं उत्तर संपलं. उरला गेम पास, म्हणजे मासिक वर्गणीत गेम. त्याचा सगळ्यांत वरचा प्रकार ऑक्टोबर २०२५ मध्ये २० डॉलरवरून ३० वर नेला. त्या दराने दरमहा ३०, म्हणजे वर्षाला ३६०. त्यात वर्षाला चार-पाच मोठे गेम कायमचे घेता येतात. तुम्हीच सांगा, आज मित्राला कोणता घ्यायला सांगाल?

उगवती

मित्राला एक्सबॉक्सचं स्वस्त मॉडेल सिरीज एस सांगायचो, २९९ ला होता तेव्हा. आता त्याचीही किंमत चढली. हे दुखतं, लपवत नाही.

काडेपेटी

सगळे आपापल्या संघाकडून बोलताय, म्हणून खरी गोष्ट निसटतेय. आजवर प्रत्येक कन्सोल म्हातारा होताना स्वस्त व्हायचा. पीएस२ २००० साली २९९, २००२ मध्ये १९९, २००९ मध्ये ९९. आकडे १५ कोटींवर जातात ते या उताराने. पहिले पाच कोटी हौशी लोक घेतात, पुढचे दहा कोटी वाट बघणारे. वाट बघणाऱ्याला ९९ चा फलक दिसला की तो आत येतो, मग त्याच्यासाठी वर्षानुवर्षं गेम विकले जातात.

या वेळी उलट चाललंय. डिस्कवाला पीएस५ २०२० मध्ये ४९९ ला आला आणि पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, अमेरिकेत ५४९ वर गेला. सिरीज एक्स त्याच वर्षी ४९९ वरून ६४९ वर. चिप लहान करत नेली की खर्च घटतो, हा जुना मार्ग आता फारसा उरलेला नाही. त्यात आयातशुल्क, आणि मेमरी चिप एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्याने महागलेली. तेव्हा स्विच २ जिंकेल की पीएस५ यापेक्षा मला काळजी याची वाटते की ते वाट बघणारे या पिढीत येणारच नाहीत. ते फोनवर खेळतील आणि तिथेच राहतील.

रात्रपाळी

काडेपेटी, हा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि तो माझ्या अंदाजाला धक्का देतो. मी शेवटच्या विक्रीबद्दल बोलत होतो आणि शेवट नेहमीच स्वस्ताईत येतो. स्विच २ पहिल्या स्विचला गाठेल असं मी म्हणणार नाही. तरी एक बघा, हातात धरायच्या यंत्रात निन्टेंडोसमोर तेवढ्याच किमतीचं तेवढे गेम असलेलं दुसरं काही नाही. स्टीम डेक आहे, पण तो पीसीवाल्यांचा.

दगडफूल

आणि जीटीए ६ हा गेम? जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६, नावं फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज. जीटीए ५ च्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्यात. अजून पीएस४ वर बसून असलेला प्रत्येक माणूस त्या आठवड्यात ५४९ असो की आणखी काही, मोजणार. काडेपेटींचे वाट बघणारे तेव्हा येतील, किंमत न उतरता. माझा अंदाज लिहून ठेवा : पीएस५ १२ कोटी, स्विच २ ८ कोटी.

रात्रपाळी

लिहिला. माझा : स्विच २ ११ कोटी, पीएस५ साडेदहा. जीटीएच्या आठवड्यात सोनीने किंमत खाली आणली तर मात्र मी माझा आकडा बदलेन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पाऊलवाट

धाकट्याला विचारलं. तो म्हणतो ज्यावर नवा पोकेमॉन येईल तो.