प्रमाणबद्ध सूर्यमाला: देशभर पसरलेली की पायवाटेवरची?

ध्रुवमत्स्य: स्वीडनमध्ये देशभर मांडलेल्या सूर्यमालेच्या प्रतिकृतीचं प्रमाण १:२ कोटी. स्टॉकहोममधलं ग्लोब (आताचं अविची अरेना) हे गोल क्रीडागृह म्हणजे सूर्य, पृथ्वी ६५ सेंमीची, नेपच्यून सव्वादोनशे किमीवर सोडरहाम्नला. काम भव्यच, पण दोन ग्रहांमधली पोकळी पायांना कळत नाही. माझं मत पायवाटेवर मावणाऱ्या १:१०० कोटीला. सूर्य १.३९ मीटर, पृथ्वी १२.८ मिमी, १५० मीटरवर. गुरू १४.३ सेंमी, ७७८ मीटरवर. नेपच्यून साडेचार किमी. इथे प्रकाश सेकंदाला ३० सेंमी सरकतो. चालणारा माणूस त्याला सहज मागे टाकतो.

दुर्बीण: अजिबात पटत नाही. मंगळ २२८ मीटरवर, मग गुरूपर्यंत साडेपाचशे मीटर काहीच नाही. लोक तिथूनच परत फिरणार. शिवाय मण्याएवढ्या पृथ्वीवर दाखवणार काय? ६५ सेंमीच्या गोलावर एव्हरेस्ट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उंचीचा येतो. हे बघताना मोठा गोलच लागतो. आणि १:२ कोटीला प्रकाशाचा वेग ताशी ५४ किमी, साध्या मोटारीचा.

पत्राकाम: मोठे असोत की छोटे, उघड्यावरचे गोल टिकवणं अवघड. स्वीडनमध्येच युरेनसची नासधूस झाली, २०१२ मध्ये तो लोव्हस्टाब्रुकला नव्याने उभारावा लागला. लहान गोल सळईवर बसवला तर वेल्डपाशी तुटतो, ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात घातला तर ओरखड्यांनी धुरकट होतो. १:१०० कोटीला गोल नकोच, भोक पाडा: ३ मिमी स्टेनलेस पत्रा, लेझरने ग्रहाच्या मापाचं आरपार भोक. चंद्राचं भोक ३.५ मिमीचं असल्याने पत्रा त्याहून जाड घेऊ नका. जाड पत्र्यात कड खडबडीत येते आणि भोक मातीने बुजतं. चंद्र पृथ्वीपासून ३८ सेंमीवर, तेव्हा पाटी किमान ४५ सेंमी रुंद हवी. कडा घासून घ्या, म्हणजे अंध माणसाला बोटाने माप कळेल. चोरायला काही उरतच नाही.

ध्रुवमत्स्य: भोकं मान्य. सूर्य मात्र भरीव गोलच हवा, आणि पृथ्वीच्या पाटीपासून सूर्यापर्यंत मध्ये झाड किंवा फलक नको. तिथून तो अर्धा अंश रुंद दिसतो, आकाशातल्या सूर्याएवढाच. स्टॉकहोममध्ये पृथ्वी साडेसात किमीवर, मध्ये अख्खं शहर. ही तुलना तिथे जमत नाही.

दुर्बीण: या मुद्द्यावर माघार. तरी गुरूपुढचे ग्रह बसथांब्यांवर लावा, मग न चालणाऱ्यालाही नेपच्यून भेटेल. फक्त अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजा. रस्त्याने मोजलंत तर प्रत्येक वळणाला ग्रह सूर्याच्या जवळ येतो.