रुबार्बचा गड्डा कुजतो आहे. झाड वाचवता येईल का?

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये वेस्ट यॉर्कशायरला राहते. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी परसात रुबार्बचे (आंबट देठांसाठी लावतात ती थंड हवेतली भाजी) तीन गड्डे लावले, दोन ‘व्हिक्टोरिया’ जातीचे आणि एक ‘टिंपर्ली अर्ली’. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या मधला हा पट्टा म्हणजे रुबार्बचे माहेरघरच, त्यामुळे ‘इथे ते तणासारखे माजते’ असे शेजारच्या आजोबांनी सांगितले होते. पहिल्या वर्षी मी एकही देठ काढला नाही. दुसऱ्या वर्षीही निम्म्याहून अधिक देठ झाडावर ठेवले, जूनअखेर काढणी थांबवली आणि फुलांचा तुरा दिसताच तो बुडातून कापला.

दोन झाडे आजही उत्तम आहेत. ‘टिंपर्ली’ला मात्र या वसंतात करंगळीएवढे बारीक देठ आले, पाने अवेळी पिवळी पडली आणि परवा एक देठ नेहमीप्रमाणे पिळून ओढला, तर तो बुडाशी मऊ होऊन अलगद हातात आला. माती बाजूला करून चाकूच्या टोकाने खरवडले, तेव्हा गड्ड्याचा मधला भाग सडलेल्या सुरणासारखा तपकिरी आणि गिळगिळीत निघाला. एका कडेला दोन गुलाबी डोळे अजून घट्ट आहेत आणि त्यांच्याखालचा गर पिवळसर दिसतो.

माझ्या दोन चुका मला दिसतात. आमची माती चिकण आहे आणि पावसाळी हिवाळ्यात तिथे पाणी साचते, तरीही नोव्हेंबरमध्ये मी शेणखत गड्ड्याभोवती घालण्याऐवजी थेट डोळ्यांवर पसरले. शिवाय लवकर कोवळे देठ मिळावेत म्हणून जानेवारीत याच झाडावर बादली पालथी घातली. अशा झाडाला पुढे दोन वर्षे विश्रांती द्यावी लागते, हे मला नंतर कळले.

निरोगी कड कापून वेगळी लावावी, की रोग पसरण्याआधी गड्डा मुळासकट काढून टाकावा? विभागणी झाड सुप्तावस्थेत असताना, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चमध्ये करतात, पण आता मे चालू आहे आणि तोवर ते दोन डोळे टिकतील असे वाटत नाही. शेजारची ‘व्हिक्टोरिया’ जेमतेम एक मीटरवर आहे, त्यामुळे तिचीही काळजी वाटते. काढलेला गड्डा मी कंपोस्टमध्ये टाकणार नाही, तेवढे ठरवले आहे. पण त्या जागी पुन्हा रुबार्ब लावता येईल का, की नवा गड्डा उंच वाफा करून दुसरीकडेच लावावा?

जीव अडकण्याचे कारणही सांगते. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना ही पाने अळूची वाटली होती. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ती विषारी असतात, हे सांगून फतफत्याचा बेत मी वेळीच थांबवला; मात्र देठांचा मेथांबा त्यांनी अगदी कैरीच्या तोडीचा केला, आणि तो याच ‘टिंपर्ली’चा होता. थंड हवेत रुबार्ब वाढवणाऱ्यांनी कृपया लवकर सांगावे, कारण या आठवड्यात पाऊस थांबला की मी कुदळ हातात घेणार आहे.