मदत हवी आहे : कडकनाथ कोंबडीचे अंडे अडकले आहे, की पोटात दुसराच काही आजार आहे?

नमस्कार.

आम्ही इंदूरला सुदामानगर भागात राहतो. घरामागच्या अंगणात सासूबाईंनी हौसेने पाळलेल्या चार कोंबड्या आहेत. तीन गावरान आणि एक कडकनाथ. ही कडकनाथ एका परिचितांनी झाबुआकडून तलंग (अजून अंड्यावर न आलेली) असताना आणून दिली होती, आता ती सुमारे दोन वर्षांची आहे. तिच्याविषयी सल्ला हवा आहे आणि तो लवकर हवा आहे, म्हणून जे दिसते आहे ते शक्य तितके नेमके लिहिते.

गेल्या आठवड्यापासून ती सकाळी अंड्यासाठी ठेवलेल्या टोपलीत जाते, बराच वेळ बसून जोर करते आणि अंडे न देताच उठते. उठल्यावर पाय फाकवून, अंग ताठ वर करून उभी राहते; शेपटी खाली झुकलेली असते आणि प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली हलते. विष्ठा पातळ व पांढरट असून ती मागच्या पिसांना चिकटून वाळते. पुढ्यात ज्वारी टाकली तर थोडे दाणे टिपते आणि थांबते, पाणी मात्र खूप पिते.

याआधीची खूणही सांगायला हवी. उन्हाळा लागल्यापासून तिच्या अंड्यांचे कवच पातळ होत गेले होते. एके दिवशी पहाटे खुराड्यातील दांडीखाली बिनकवचाचे अंडे पडलेले सापडले. नुसत्या पापुद्र्यात सगळे धरलेले होते, बोटाने दाबले की आकार बदलत होता आणि एका टोकाला पापुद्र्याचा लांब पीळ लोंबत होता. त्यानंतर तिने एकही अंडे दिलेले नाही.

ती खुडूक (अंडी उबवायला बसणारी) झाली असेल असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे, पण मला ते पटत नाही. आमच्या गावरान कोंबड्या खुडूक झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्या पिसे फुलवून टोपलीत चपट्या बसतात, हात जवळ नेला तर चोच मारतात आणि जागा सोडायला तयार नसतात. ही तशी बसत नाही. तिला त्या जागेत स्वस्थता नाही, ती त्रासून उठते. शिवाय कडकनाथ जातीची कोंबडी सहसा खुडूक होत नाही असेही ऐकले आहे.

माझी खरी अडचण अशी आहे की, जिथे विचारावे तिथे "तुरा फिका पडला आहे का, निळसर झाला आहे का, मागची जागा लाल झाली आहे का, ते पाहा" असे सांगतात. कडकनाथच्या बाबतीत हे पाहायचे कसे? तिचा तुरा मुळातच काळपट जांभळा, चोच, जीभ, पाय आणि कातडीही काळी. पिसे बाजूला करून पाहिले तर मागची जागा जरा सुजल्यासारखी वाटते, पण लाली असली तरी त्या काळ्या कातडीत ती दिसणार नाही. घराजवळच्या डॉक्टरांकडे नेले होते. ते कुत्री, मांजरे आणि गायी-म्हशी पाहतात, कोंबडी तपासत नाहीत असे त्यांनी सांगितले. ज्यांच्याकडून खाद्य आणतो ते म्हणाले की, एका कोंबडीसाठी एवढी यातायात कशाला, कापून टाका आणि दुसरी घेऊन जा. आम्ही ती कापण्यासाठी पाळलेली नाही. सासूबाई दिवसातून अनेकदा तिच्यापाशी जाऊन बसतात आणि तिच्याकडे पाहिले की मलाही राहवत नाही.

खाद्यात ज्वारी, तांदळाची कणी, भाज्यांची देठे आणि कधी भिजवलेली डाळ असते; शिंपल्यांचा चुरा अधूनमधून घालतो. शेजारची मुले प्रेमाने शेव टाकतात, तीही सगळ्याजणी खातात. सध्या इंदूरचे तापमान ४२ अंशांच्या आसपास आहे आणि दुपारी चौघीही चोच उघडून धापा टाकतात.

अंडे अडकले आहे की नाही हे घरच्या घरी, तिला इजा न करता, कसे ओळखावे? अडकले असल्यास माणसांचे कॅल्शियमचे औषध चालेल का? आणि इतर तिघींची अंडी सध्या खावीत की नाही?

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून

ताई, तिला आधी कोमट पाण्यात बसवा. पाणी पोटापर्यंत यावे, डोके व पाठ कोरडी राहावी. १५ ते २० मिनिटे पुरतात. कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ ते ४२ अंश असते, त्यामुळे आपल्या हाताला बऱ्यापैकी ऊन लागेल असे, ३८ ते ४० अंशांचे पाणी तिला बरे वाटते. उन्हाळा आहे म्हणून गार पाण्यात मुळीच ठेवू नका. नंतर पूर्ण कोरडी करून अंधाऱ्या, शांत जागी, इतर कोंबड्यांपासून दूर ठेवा. अंडे नुसतेच अडले असेल तर पुष्कळदा एवढ्यावर सुटते.

प्रतिसाद, बडोद्याहून

वरचा सल्ला योग्य आहे. मी बरीच वर्षे कुक्कुटपालनात काढली आहेत, त्यामुळे ओळखण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आपली शंका नेमकी तिथेच आहे आणि उपचारही त्यावरच ठरतो.

तुरा आणि कातडीचा रंग सोडून द्या, कडकनाथच्या बाबतीत हाताने तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तिला मांडीवर घ्या, तोंड आपल्या काखेकडे ठेवा म्हणजे ती शांत राहील. शेपटीखाली दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या हाडांची टोके लागतात; अंडी देणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज बसतात. तेथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंतचा मऊ भाग बोटांच्या पेरांनी हलकेच चाचपा. अंडे खाली आलेले असेल तर कडक, गोल कडेचा गोळा लागतो. तो लागला तर दाबून पुढे सरकवण्याचा प्रयत्न करू नका. अंडे आत फुटले तर कवचाच्या धारेने अंडनलिका कापली जाते आणि जंतुसंसर्ग होतो. बाहेरून काही कळले नाही तर पातळ हातमोजा घालून, बोटाला खोबरेल तेल लावून, मागच्या जागेतून बोट सावकाश आत न्या. कोंबडीची डावीकडचीच अंडनलिका कामाची असते, म्हणून किंचित डावीकडे कल ठेवा. अडकलेले अंडे बहुधा पहिल्या ५ सेंटिमीटरच्या आत बोटाला लागते. अडथळा वाटला तर तिथेच थांबा.

पण मला आपल्या लिहिण्यात खटकले ते वेगळे आहे. अंडे खरोखर अडकून पडले असेल तर कोंबडी एक-दोन दिवसांतच अत्यवस्थ होते, त्यात आठवडा निघणे कठीण असते. आपली कोंबडी आठवडाभर अशी आहे, थोडे का होईना खाते आहे, पाणी पिते आहे आणि त्याआधी तिने बिनकवचाचे अंडे दिले आहे. हे सगळे पाहता बलक नलिकेत न शिरता पोटाच्या पोकळीत पडत असण्याची शक्यता मला अधिक वाटते. असा बलक साठतो, त्यात जंतू वाढतात आणि पोटात दाह होऊन पाणी धरते. तपासताना कडक गोळ्याऐवजी पोट सगळीकडे सारखेच तटतटीत लागले, छातीचे हाड मात्र दोन्ही बाजूंनी मांस झडून धारदार झालेले असले, तर हाच आजार समजा. पोट वाढलेले असल्यामुळे अशी कोंबडी वजनाला भरलेली वाटते आणि आपण फसतो. यात शेक आणि कॅल्शियम यांनी आजार हटत नाही, डॉक्टरांना पर्याय नाही.

इंदूरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. महूला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटर. सकाळच्या गारव्यात, हवा खेळेल अशा खोक्यात न्या. जाणे जमणारे नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी विचारणा करता येते. दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणू नका, आणि अंडे बाहेर काढण्याचे इंजेक्शन कोणी सुचवले तर तेही घरी देऊ नका. वाट मोकळी नसताना ते दिले तर नलिका फाटू शकते.

कॅल्शियमचे म्हणाल तर एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जाते. खाल्लेल्यापैकी सगळे अंगी लागत नाही, म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास लागते. ज्वारी आणि कणी यांतून ते मिळणे शक्य नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत रोज, कायम समोर हवा, ज्यामुळे जिला जेवढा हवा तेवढा ती खाईल. तो जाडसर असावा. कवच मुख्यतः रात्री तयार होते, नलिकेच्या कवच चढणाऱ्या भागात अंडे जवळजवळ २० तास राहते. जाड कण पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रभर पुरवठा करतात, पीठ झालेला चुरा लवकर निघून जातो. माणसांचे पातळ औषध तात्पुरते चालते, पण मात्रा कोंबडीचे वजन पाहून डॉक्टरांनीच सांगावी.

यात उन्हाळ्याचाही मोठा हात आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. त्यामुळे खाद्य उत्तम असूनही मे महिन्यात कवच पातळ होऊ शकते. खुराड्यावर ओले गोणपाट, दुपारी सावली आणि पिण्याचे पाणी दोन-तीन वेळा बदलणे, एवढे तरी कराच. आणि शेव पूर्ण बंद करा. मुलांची माया समजते, पण त्या मिठाने पाणी जास्त प्यायले जाते आणि विष्ठा पातळ होते. मग आजार कोणता आणि शेवेचा परिणाम कोणता हेच कळेनासे होते. मुलांना मूठभर कोथिंबिरीच्या काड्या द्या, त्या टाकू देत.

इतर तिघी खात-पीत, हिंडत असतील तर त्यांची अंडी नीट उकडून खायला हरकत नाही. मात्र एकाहून अधिक कोंबड्या अचानक मलूल झाल्या, माना वाकड्या होऊ लागल्या किंवा मेल्या, तर हात न लावता पशुपालन विभागाला कळवा. मानमोडी म्हणजे राणीखेत या रोगातही अंडी घटतात आणि कवच मऊ होते. शिवाय २०२० च्या अखेरीस इंदूरच्याच डेली कॉलेजच्या आवारात मेलेले कावळे सापडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला होता, हे इंदूरकरांनी विसरू नये. आपल्याकडे एकटीच आजारी आहे, म्हणून तशी भीती मला सध्या वाटत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तिला कोमट पाण्यात बसवले. पाण्यात ती इतकी निवांत झाली की डोळे मिटून घेतले, पण अंडे काही आले नाही. चाचपले तेव्हा कडक गोळा कुठेच लागला नाही. पोट मात्र पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे होते, आणि छातीचे हाड बोटाला टोचत होते. पिसांमुळे ते आजवर लक्षात येणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला महूला नेले. तेथील डॉक्टरांनी आस्थेने तपासले, सुईने पोटातील पाणी थोडे काढून पाहिले. ते पिवळसर व गढूळ होते आणि त्यात बलकाचे कण होते. बडोद्याच्या दादांनी लिहिले होते तेच निदान झाले. सगळे पाणी एकदम काढले तर तिला झटका बसेल, म्हणून श्वास मोकळा होईल इतकेच काढले. प्रतिजैविक व वेदना कमी करणारे औषध दिले आहे. औषध चालू असेपर्यंत आणि नंतर ते सांगतील तोवर तिने अंडे दिले तरी ते कोणी खायचे नाही, इतर कोंबड्यांनाही घालायचे नाही, असे बजावले आहे.

आज ती उभी राहताना शेपटी वर धरते आहे आणि भिजवलेली डाळ तिने स्वतःहून खाल्ली. पण डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितले की अंडी देणे पुन्हा सुरू झाले की पोटात पुन्हा बलक पडण्याचा संभव आहे. म्हणून ती निदान काही महिने अंड्यांवर येऊ नये असे पाहायचे आहे. प्रकाशाचे तास कमी केले तर अंडी थांबतात असे त्यांनी सांगितले; त्यासाठी तिला संध्याकाळी लवकर आणि सकाळी उशिरापर्यंत अंधारात ठेवावे लागेल, पण या उकाड्यात बंद खुराड्यात तिचा जीव घुसमटेल याची काळजी वाटते. घराच्या आत उत्तरेकडील, तुलनेने गार असलेली न्हाणीघराशेजारची खोली मोकळी आहे. कोणी उन्हाळ्यात कोंबडीला अशा रीतीने अंधारात ठेवले असल्यास हवा खेळती कशी ठेवली, किती तास उजेड दिला आणि अंडी थांबायला साधारण किती काळ लागला, ते कृपया लिहावे. अशा आजारानंतर ज्यांची कोंबडी टिकली, त्यांनी तिला कोणते खाद्य दिले तेही कळवावे, म्हणजे महूला पुन्हा दाखवायला नेऊ तेव्हा डॉक्टरांशी त्याविषयी बोलता येईल.