श्टाइनहाउझेनच्या चर्चमध्ये आधी काय बघावं?

जुई_४२ : दक्षिण जर्मनीत बाड शुसेनरीडजवळच्या श्टाइनहाउझेन गावातलं बरोक चर्च बघायला जाणार आहे. फोटोंत पांढऱ्या-सोनेरी नक्षीची एवढी दाटी आहे की नजर कुठेच ठरत नाही. सुरुवात कुठून करू?

रेघोटी : आधी वर बघूच नका! दालन लंबवर्तुळाकार आहे आणि आत दहा खांब भिंतीपासून सुटे उभे आहेत. खांब आणि भिंत यांच्यामधून एक चक्कर मारा. खिडक्यांचा उजेड खांबांच्या मागून आत झिरपतो, म्हणून मधला भाग इतका हलका वाटतो. दाटी सगळी वर आहे. खांब अगदी साधे, पांढरे.

डोमिनिकुस त्सिमरमानने हे १७२८ ते १७३३ या काळात बांधलं. तो मुळात गिलाव्यात नक्षी घडवणारा कारागीर, त्यामुळे भिंत कुठे संपते आणि नक्षी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. खिडक्यांभोवती नीट शोधा: सुतारपक्षी, हुदहुद, खार, मधमाशी, कोळीसुद्धा सापडेल. मला छतापेक्षा हेच जास्त आवडतं. इतक्या बारकाईने केलेलं काम भरभर बघून निघून जाणं मला तरी जमत नाही.

छत रंगवलं त्याच्या थोरल्या भावाने, योहान बाप्टिस्टने. मधोमध मरियेचं स्वर्गारोहण आणि कडेने चार खंडांची माणसं. एका टोकाला आदम-हव्वेची बाग, तर समोरच्या टोकाला कारंजं असलेली नीटनेटकी बाग. ती जोडी चुकवू नका.

सह्यकडा : पण खेड्यात एवढा खर्च कशासाठी?

रेघोटी : हे यात्रेचं ठिकाण होतं. मुख्य वेदीवर मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेची जुनी मूर्ती आहे, भाविक तिच्यासाठी यायचे. बांधकाम शुसेनरीडच्या मठाने करवून घेतलं. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि मठाधिपती डिडाकुस श्ट्रोबेलेला १७३३ मध्ये पद सोडावं लागलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

जुई_४२ : आणि 'वीस' (Wies) नावाच्या ठिकाणचं चर्च? तेही याच भावांचं ना?

रेघोटी : हो, १७४५ ते १७५४. युनेस्कोच्या यादीत १९८३ पासून आहे. तिथलं छत दगडी नाही, लाकडी सांगाड्यावर गिलावा चढवलाय. जमलं तर दोन्ही बघा, पण आधी श्टाइनहाउझेन. आणि छोटी दुर्बीण न्या, नाहीतर तो हुदहुद दिसायचा नाही.