शंभरी सगळ्यांच्या आवाक्यात? परिषद ऐकून आलेल्याचं उत्तर

हरिपूररोड:
परवा इथे एक पोस्ट आली. "सांगलीतल्या दीर्घायुष्य आणि वेलनेस परिषदेने दाखवून दिलं की शंभरी आता प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. घरबसल्या शंका काढणाऱ्यांनी आधी येऊन बघायचं होतं." मी आलो होतो. फी भरून, उद्घाटनापासून समारोपापर्यंत बसून. शंका होत्या, पण उत्सुकताही तेवढीच होती. वडील पक्षाघाताने गेले तेव्हापासून या विषयावरचं मिळेल ते वाचतो. म्हणून ही पोस्ट वाचून गप्प बसवेना.

दारातच ‘जैविक वय’ सांगणारा स्टॉल. अनवाणी काट्यावर उभं राहायचं, दोन्ही हातांत दांडे धरायचे, की छापील चिठ्ठी बाहेर. माझ्यापुढच्या बाईंचं वय चिठ्ठीत खऱ्यापेक्षा बरंच जास्त आलं. त्या चिठ्ठीकडे बघतच राहिल्या. स्टॉलवरच्या मुलाने ती त्यांच्या हातातच उलटी केली, मागे तीन महिन्यांच्या पॅकेजचे दर. जैविक वयावर खरं संशोधन आहे. स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांवरून वयाचा अंदाज बांधायची पद्धत मांडली. त्याला रक्त किंवा लाळ लागते, प्रयोगशाळा लागते. चरबी मोजणाऱ्या काट्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. त्या बाईंना घाबरवलं आणि पैसे काढले.

पुढे रेझवेराट्रॉलच्या कॅप्सूल, म्हणजे द्राक्षात सापडणारा, आयुष्य वाढवतो म्हणून विकला जाणारा पदार्थ. मागे द्राक्षाच्या घडांचा भलामोठा फोटो. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने याच आशेवर २००८ मध्ये सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिचं कार्यालय बंद केलं. एक वक्ते रॅपामायसिनवर बोलले. ईस्टर बेटाच्या मातीत सापडलेलं औषध, २००९ मध्ये त्याने उंदरांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं, हे सगळं खरं. पण ते अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात आणि निरोगी माणूस त्याने जास्त जगतो हे अजून कुणी दाखवलेलं नाही, एवढं वाक्य गाळलं. म्हातारपण थोपवायला स्वतःवरच प्रयोग करणाऱ्या अमेरिकी उद्योजक ब्रायन जॉन्सनचं नाव सारखं घेतलं, त्याने स्वतः हे औषध २०२४ मध्ये सोडलं ते नाही सांगितलं.

आणि अख्ख्या सभागृहात रक्तदाब मोजायला कुणी बसलं नव्हतं. अमेरिकेतल्या स्प्रिंट नावाच्या रक्तदाबाच्या चाचणीत ५० वर्षांवरचे नऊ हजारांहून जास्त लोक होते. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू पावपटीहून जास्त घटले. २०१५ सालची गोष्ट. माझ्या वडिलांना रक्तदाबाची गोळी लिहून दिलेली होती, ‘सवय लागते’ म्हणून घेत नव्हते. आपल्याकडे अजून किती घरांत सकाळी मिश्री लावली जाते, जेवणात वरून मीठ घेतलं जातं. त्यावर एक शब्द नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

मिरजेची_अनघा:
ती पोस्ट माझी. माझ्या आईला गुडघ्यामुळे जिना चढता येत नव्हता. याच लोकांच्या कार्यक्रमात आहार बदलला, खुर्चीवरचे व्यायाम सुरू केले, हळदीच्या गोळ्या सुरू केल्या. आज ती स्वतः भाजी आणायला जाते. तुमच्या चाचण्या तुमच्यापाशी. मिरजेत डॉक्टरांच्या दारात रांग लावून आम्हाला काय मिळालं? ‘वय झालं, बदलून घ्या’ एवढंच. तीन मिनिटं दिली नाहीत कुणी. इथे तिच्याशी तासभर बोलले.

हरिपूररोड:
आई चालायला लागल्या याचा मनापासून आनंद आहे. पण व्यायामाने गुडघ्याला गुण येतो हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल. श्रेय गोळ्यांना का?

मिरजेची_अनघा:
कारण आई माझी आहे आणि मी रोज बघते. तुम्ही नाही.

वाळव्याचा_गडी:
त्या ‘ब्लू झोन’च्या, म्हंजे जिथं माणसं लई जगतात म्हणतात त्या जागांच्या, भाषणाचं कुणीच बोलंना? मी बी हुतो तिथं. ओकिनावा, सार्डिनिया, शंभरी पार केलेली माणसं. आमच्या आज्याची शाळेतली जन्मतारीख १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून, मास्तरांनी दाखला घेताना ठोकून दिलेली. आधारवर नुसतं साल सांगितलं की १ जानेवारी. त्यात एसटी पंचाहत्तरीला फुकट झाल्यापासनं गावात किती जणांचं वय वाढलं ते कंडक्टरला विचारा. २०१० मध्ये जपानात कागदावर शंभरी गाठलेली दोन लाख तीस हजारांवर माणसं सापडतच नव्हती. साऊल न्यूमन या संशोधकाला २०२४ मध्ये इग नोबेल, म्हंजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं ते याच्यावरच, जिथं नोंदी कच्च्या तिथं शंभरीवाले जास्त.

अक्षय_विश्रामबाग:
न्यूमनचं सगळं ब्रह्मवाक्य नाही. सार्डिनियात पूलाँ आणि पेस या संशोधकांनी चर्चच्या आणि नगरपालिकेच्या नोंदी ताडून वयं तपासली आहेत. ओकिनावात मात्र वेगळंच झालं. सन २००० च्या आकडेवारीत तिथले पुरुष आयुर्मानात जपानात सव्विसाव्या क्रमांकावर घसरले. म्हाताऱ्यांनी रताळी खाल्ली, पुढच्या पिढीने बर्गर. ही गोष्ट सांगली-साताऱ्याला जास्त लागू पडते आणि वक्त्यांनी तीच टाळली.

डॉ_गावभाग:
हरिपूररोड, तुमची वैद्यकीय माहिती बरोबर आहे, तक्रार अर्धी बरोबर आहे. आम्ही रक्तदाबाची मोफत शिबिरं घेतो. मांडव, खुर्च्या, चहा सगळं. येतात कोण? ज्यांना आधीच गोळ्या चालू आहेत ते. चाळिशीतला दुकानदार फिरकत नाही. तोच माणूस तुमच्या त्या परिषदेत पैसे भरून दिवसभर बसला. आधी याचं उत्तर द्या. लोकांना आमच्यापेक्षा ते जवळचे वाटतात, यात आमचाही दोष आहे. अनघाताईंची तीन मिनिटांची तक्रार मी रोज ऐकतो.

पण हळदीच्या गोळ्यांवर बोलावंच लागेल. करक्युमिनवर, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकावर, २०१७ मध्ये मोठा आढावा आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की त्याची एकही दुहेरी-अंध (खरी गोळी कुणाला, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली), प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी तुलना केलेली चाचणी यशस्वी ठरलेली नाही.

पेववाले:
डॉक्टरसाहेब, हळदीच्या गावात राहून हळदीला नावं ठेवताय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्या हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि पेवं गेली. आमच्या घरचं नुकसान आजवर भरून निघालं नाही, तेव्हा कुठला आढावा आला नव्हता. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने जखमेवरच्या हळदीचं पेटंट घेतलं होतं, माशेलकरांनी लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अमेरिकेला मान्य, तुम्हाला नाही?

अक्षय_विश्रामबाग:
काका, ते पेटंट रद्द झालं कारण हा उपयोग आपल्याला आधीपासून माहीत होता, म्हणजे शोध नवा नव्हता. हळदीने जखम भरतेच, असा निकाल कुणी दिला नाही. दरवेळी हे उदाहरण असंच फिरवलं जातं.

पेववाले:
चार इंग्रजी पेपर वाचले की आजीचा हात खोटा का? मार्केट यार्डात येऊन एकदा हळकुंड हातात धरा आणि मग बोला.

अक्षय_विश्रामबाग:
आजीला मध्ये आणू नका. आजी चिमूटभर दुधात घालायची. बाटलीतली गोळी वेगळी वस्तू आहे, तेवढंच म्हणतोय मी. आवाज चढवून मुद्दा बदलत नाही.

द्राक्षबाग_तासगाव:
हळदीचं भांडण चाललंय तर आमचंही ऐका. द्राक्षाचा फोटो लावून कॅप्सूल विकतात, त्यातला एक रुपया तरी बागायतदाराला मिळतो का? अवकाळीने घड फुटले की बेदाण्याला पण दर नाही. आणि शास्त्र म्हणाल तर रेड वाइनच्या एका लिटरमध्ये रेझवेराट्रॉल काही मिलिग्रॅम. उंदरांना दिला तेवढा डोस माणसाच्या वजनाने काढला तर दिवसाला शेकडो लिटर प्यावी लागेल.

पेववाले:
हे मात्र खरं. हळदीचं पण तेच. आमच्या क्विंटलचा दर आणि साठ गोळ्यांच्या बाटलीचा दर शेजारी ठेवा, संताप येईल.

मिरजेची_अनघा:
डॉक्टर, २०१७ नंतर जग थांबलं नाही. २०२३ मध्ये थायलंडमधली चाचणी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशनाच्या नियतकालिकात आली. अपचनाच्या दोनशेवर रुग्णांत करक्युमिन हे ओमेप्रॅझोल या पित्ताच्या गोळीइतकंच उपयोगी ठरलं. हे का सांगितलं नाही?

डॉ_गावभाग:
वाचली आहे. चांगली चाचणी आहे. त्यात प्लासिबोचा गट नव्हता आणि अपचनाचा त्रास पुष्कळदा आपोआप कमी होतो, तरीही हळद पूर्ण निरुपयोगी असं मी यापुढे म्हणणार नाही. आता माझं पण ऐका. हळकुंडात करक्युमिन साधारण दोन ते पाच टक्के, आणि ते रक्तात फारसं उतरत नाही. म्हणून कंपन्या ९५ टक्क्यांचा अर्क काढतात आणि त्यात मिऱ्यातलं पिपरिन घालतात. बंगळूरच्या १९९८ च्या अभ्यासात पिपरिनमुळे शोषण वीसपट झालं होतं. शोषण वाढतं तशी जोखीमही वाढते. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, इटलीने २०२२ मध्ये बाटलीवर इशारा छापायला लावला. पिठल्यातल्या हळदीबद्दल मी बोलत नाही, पेववाले काका. तुमच्या मालाला मी नावं ठेवलेली नाहीत.

पेववाले:
मग पहिल्याच वाक्यात असं लिहायचं होतं. अर्क काढणाऱ्यांशी आमचं काही देणंघेणं नाही.

हरिपूररोड:
धागा हळदीत बुडाला, पण माझा प्रश्न तसाच आहे. डॉक्टर, तुमच्या शिबिरात कुणी येत नाही हे मान्य. मग पुढच्या वेळी तुम्ही परिषदेतच टेबल लावा. गर्दी तिथे आहे ना? आयोजकांनी भाडं मागितलं तर मी भरतो. आणि त्या जैविक वयाच्या चिठ्ठीशेजारी रक्तदाबाचा आकडा लिहून द्या.

डॉ_गावभाग:
त्या स्टॉलशेजारी बसलो तर लोकांना वाटेल माझा त्याला पाठिंबा आहे. नाही जमणार.

हरिपूररोड:
मग लोक तिथेच जाणार आणि तुम्ही रिकाम्या मांडवात बसणार. माझ्या वडिलांना कुणीतरी असंच गर्दीत गाठून सांगायला हवं होतं. दवाखान्यात ते ऐकणाऱ्यांतले नव्हते.

डॉ_गावभाग:
विचार करतो. शब्द देत नाही.

मिरजेची_अनघा:
आईच्या बाटलीवर आत्ता बघितलं. करक्युमिनॉइड ९५ टक्के, पिपरिनसह. डॉक्टर, चालू ठेवू की नको?

डॉ_गावभाग:
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर आजपासून हळदीची गोळी बंद, रक्त पातळ करायची मात्र चालूच ठेवा आणि ती देणाऱ्या डॉक्टरांना उद्याच कळवा. नसेल तरी गोळी थांबवून यकृताची तपासणी करून घ्या. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली, यातलं काही असेल तर उद्यावर टाकू नका. व्यायाम चालू ठेवा, तो सोडायचा नाही. रिपोर्ट इथे टाकू नका.

मिरजेची_अनघा:
ॲस्पिरिन चालू आहे. गोळी बंद करते, तपासणी उद्या सकाळी. पण परिषद फसवी होती हे मी अजून मान्य केलेलं नाही, आणि आईला तिथे तासभर दिला तसा वेळ इथला कुठला दवाखाना देतो तेही कुणी सांगितलेलं नाही.