आईसाठी घरी ऑक्सिजन आणि नाडी मोजायचं यंत्र घ्यायचंय, कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,

आईसाठी नवीन पल्स ऑक्सिमीटर घ्यायचा आहे. घरात एक आहे, २०२१ च्या मे महिन्यात मिळेल त्या भावाने घेतलेला. त्याच्यावरचा माझा विश्वास उडालाय.

आई ६७ वर्षांची. आजऱ्याच्या पुढे आमचं गाव, तिथे भाऊ-वहिनीजवळ असते. मी चिंचवडला. आईने जन्मात विडी-तंबाखूला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली. घरात गॅस आहे, तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. गेल्या पावसाळ्यात धाप फार वाढली म्हणून कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे फुंकायची तपासणी झाली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागायचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, निघाला. स्वस्थ बसलेली असताना तिच्या रक्तातला ऑक्सिजन ९१-९२ टक्के असतो. तो तिच्यापुरता ठीक आहे, ९८ च्या मागे लागू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. ८८ च्या खाली जाऊन तिथेच राहिला, किंवा आकडा बरा असूनही धाप वाढली, तर लगेच आणायचं.

आता जानेवारीतली गोष्ट. पहाटे भांडी घासून आई उठली, जरा दम लागला म्हणून वहिनीने यंत्र लावलं, तर ८१! भावाने शेजारच्यांची जीप काढली, मला फोन केला, मी इकडे रडकुंडीला आले. तालुक्याला पोचल्यावर तिथल्या सिस्टरनी यंत्र लावायच्या आधी आईचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळला. "आजी, बोटं बर्फासारखी झालीत की तुमची!" मग लावलं, तर ९२.

हे यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतं आणि ठोक्यागणिक येणाऱ्या रक्ताने त्यातला किती शोषला त्यावरून हिशेब करतं, हे नंतर वाचलं. गारठ्याने शिरा आकसल्या की ठोकाच नीट सापडत नाही. पण आमचं यंत्र ते कळूच देत नाही, नुसते दोन आकडे दाखवतं. म्हणून मला ठोक्याची लाट आणि पीआय, म्हणजे बोटातला रक्तप्रवाह किती आहे ते दाखवणारं यंत्र हवंय. दिसणाऱ्या आकड्यावर त्या घडीला भरवसा ठेवायचा की नाही, एवढं घरच्यांना समजलं पाहिजे. वापरणाऱ्यांनी सांगा, पीआय किती असला की तुम्ही आकडा धरता?

अचूकतेचंही विचारायचंय. चांगल्या यंत्रांच्या माहितीपत्रकातसुद्धा ७० ते १०० च्या दरम्यान दोन टक्के इकडेतिकडे असं लिहिलेलं असतं. ९८ वाल्याला त्याने काही फरक पडत नाही. पण आईचं ९० दिसलं तर खरं ८८ असू शकतं नि ९२ही. त्यात ती चांगली सावळी आहे. २०२० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, यंत्र ठीक दाखवतंय पण रक्तात ऑक्सिजन कमी आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं होतं. आपल्याकडच्या वर्णाच्या माणसांवर तपासलेलं यंत्र कोणाला माहीत आहे का? खोक्यावर आयएसओ ८०६०१-२-६१ (ऑक्सिमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) असेल तर तेवढ्यावर विसंबता येतं का?

दुसरं नाडीचं. डॉक्टरांना तपासताना मधूनच ठोका चुकल्यासारखा वाटला. ऑक्सिमीटर मिनिटाचे ठोके मोजतो, पण त्यांची लय बिघडलीय का ते सांगत नाही. भाचा म्हणतो, स्मार्टवॉच घे, दोन्ही कामं होतील. मला ते पटत नाही. बहुतेक घड्याळांच्या माहितीतच ऑक्सिजनचा आकडा वैद्यकीय वापरासाठी नाही असं लिहिलेलं असतं. दोन्ही हातांची बोटं ठेवून ईसीजी काढणारी छोटी पट्टी मिळते, ती कोणी घरी वापरली आहे का? डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो, की त्यापेक्षा तालुक्याला जाऊन नीट ईसीजी काढलेला बरा?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते आईला एकटीला वाचता आलं पाहिजे. भाऊ-वहिनी दिवसभर काजूच्या बागेत असतात. परवा फोनवर म्हणाली, "शहाऐंशी आलंय गं." माझ्या पोटात गोळा आला. ती नाडी होती, ऑक्सिजनचा आकडा खालच्या ओळीत होता, ९१. दोन्ही आकडे एकाच मापाचे, एकाच रंगाचे! शिवाय यंत्र उलटं धरलं की इंग्रजी ९८ चा ८६ दिसतो. त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा मोठा आणि वेगळ्या रंगात असलेलं हवं. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं असेल तर उत्तम, गावात वीज जाते आणि सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

चार-पाच हजारांपर्यंत तयारी आहे. शिमग्याला गावी जाईन तेव्हा सोबत न्यायचंय. घरात सीओपीडीचं माणूस असलेल्यांनी कृपया आपण वापरता त्या यंत्राचं नाव आणि जमल्यास चालू असतानाचा फोटो टाका, म्हणजे आईला दाखवून वाचता येतंय का ते आधीच विचारता येईल.